मानेतील कॅरोटिड धमनीचा फुगा: निदान कसे करावे आणि उपचार कसा ठरवावा

जबड्याच्या कोनाखाली आलेली गाठ घेऊन रुग्ण येतो, तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुतेक डॉक्टरांच्या मनात आधी क्षयाची शंका येते. ती शंका रास्तच असते, कारण आपल्याकडे मानेतल्या गाठींमागे क्षय हे नेहमीचे कारण आहे. मात्र या सवयीमुळे पुढची पायरीही न विचारता ठरून जाते आणि गाठीत सुई घालून पेशी काढण्याची तपासणी, म्हणजे एफएनएसी, लिहून दिली जाते. बहुतेक वेळा त्यात काही चुकत नाही. पण क्वचित एखाद्या रुग्णात ती गाठ म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीला आलेला फुगा असतो, आणि तेथे घातलेली सुई जिवावर बेतू शकते. या फुग्याला वैद्यकात ॲन्यूरिझम म्हणतात. धमनीविस्फार हा त्यासाठीचा मराठी शब्द. पुढील मार्गदर्शन मुख्यतः सर्वसाधारण व्यवसाय करणारे डॉक्टर, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि शल्यचिकित्सा शिकणारे निवासी डॉक्टर यांच्यासाठी लिहिले आहे. रुग्णाच्या घरच्यांनी ते वाचले तर आपल्या डॉक्टरांना नेमके काय विचारावे, एवढे त्यांनाही कळेल.

शरीरात होणाऱ्या सर्व धमनीविस्फारांपैकी कवटीबाहेरच्या कॅरोटिडचे विस्फार १ टक्क्याहूनही कमी आहेत. एखाद्या शल्यचिकित्सकाच्या साऱ्या कारकिर्दीत असे रुग्ण मोजकेच येतात, म्हणून यावर मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत आणि इतक्या मिलिमीटरला शस्त्रक्रिया करावी असा पोटातल्या महाधमनीसारखा सर्वमान्य आकडाही येथे नाही. अशा स्थितीत प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे याला फार महत्त्व येते. गाठ खरोखर धमनीची आहे का, फुगा कशामुळे झाला, तो मानेत किती उंचावर आहे, आणि त्यानंतर तो किती मोठा आहे, हा क्रम मी पाळतो. आकाराचा प्रश्न आधी विचारला की उपचाराची दिशा चुकण्याचा संभव वाढतो, असे माझे ठाम मत आहे.

फुगा कशाला म्हणावे

सामाईक कॅरोटिड धमनी कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर दुभागते. तिची बाहेरची फांदी चेहऱ्याला आणि आतली फांदी मेंदूला व डोळ्याला रक्त पुरवते. धमनीचा व्यास नेहमीपेक्षा ५० टक्क्यांहून अधिक वाढला तर तिला विस्फार म्हणावे, हा सर्वसाधारण नियम येथे जसाच्या तसा लावला तर फसगत होते, कारण दुभागण्याच्या जागेजवळचा भाग, ज्याला बल्ब म्हणतात, तो मुळातच फुगीर असतो. त्यामुळे बल्बच्या बाबतीत त्याचा व्यास आतल्या कॅरोटिडच्या २०० टक्क्यांहून किंवा सामाईक कॅरोटिडच्या १५० टक्क्यांहून अधिक भरला तरच त्याला विस्फार म्हणण्याचा प्रघात आहे. सामाईक कॅरोटिड साधारण ६ ते ७ मि.मी. आणि आतली कॅरोटिड साधारण ५ मि.मी. रुंद असते. सोनोग्राफीच्या अहवालात केवळ ‘बल्ब रुंद दिसतो’ एवढेच लिहिलेले असेल, तर रुग्णाला घाबरवण्याआधी हे गुणोत्तर काढून पाहावे.

खरा आणि खोटा हा भेद मात्र सुरुवातीलाच समजून घेतला पाहिजे. खऱ्या विस्फारात भिंतीचे तिन्ही थर ताणलेले असतात. खोट्यात भिंतीला कोठेतरी छेद गेलेला असतो आणि बाहेर पडलेले रक्त भोवतालच्या ऊतींनी किंवा धमनीच्या बाहेरच्या पातळ थराने कसेबसे अडवून धरलेले असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १३२ रुग्णांतील १४१ फुगे होते, आणि त्यांतले बहुसंख्य खोटे होते. आपल्यासमोरचा फुगाही खोटा असण्याची शक्यता धरूनच चालावे, आणि भिंतीला छेद केव्हा व कशाने गेला असेल, हे रुग्णाला खोदून विचारावे.

रुग्णाला काय विचारावे

मानेला मार लागला होता का, हा पहिला प्रश्न. दुचाकीचा अपघात, मानेत घुसलेली काच किंवा शस्त्र, गळ्याला बसलेला फास, एवढ्यावर न थांबता मान जोरात पिळली गेल्याची किंवा कोणाकडून तरी ‘मोडून घेतल्याची’ चौकशी करावी, कारण अशा झटक्याने धमनीचा आतला थर फाटून डिसेक्शन होऊ शकते आणि फुगा काही आठवडे किंवा महिने उलटल्यावर दिसू लागतो. डिसेक्शनच्या रुग्णाला मानेच्या एका बाजूला किंवा डोळ्यामागे अचानक दुखल्याचे नेमके आठवते. बऱ्याचदा त्याने ते अर्धशिशी किंवा ‘मान धरली’ म्हणून सोडून दिलेले असते.

दुसरा प्रश्न मानेवर पूर्वी झालेल्या उपचारांचा. कॅरोटिड साफ करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर शिवलेल्या पट्टीच्या कडेला खोटा फुगा येतो, कधी कधी कित्येक वर्षांनी. तंबाखू, मिश्री आणि गुटख्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे ओझे आपल्याकडे मोठे असल्याने मानेवर किरणोपचार झालेले रुग्णही पुष्कळ भेटतात. किरणांनी धमनीची भिंत कमकुवत होते, वरची त्वचा पातळ व राठ बनते, आणि अशा मानेत फुगा फुटला तर रक्त थेट तोंडात किंवा जखमेतून बाहेर येते.

तिसरा प्रश्न तापाचा. ताप, वेदना, लाल सूज आणि भराभर वाढणारा ठोके देणारा फुगा एकत्र दिसले की संसर्गजन्य विस्फार समजूनच पुढे जावे. स्टॅफिलोकॉकस आणि साल्मोनेला हे जंतू यात वारंवार सापडतात; क्षयाची गाठ शेजारच्या धमनीला पोखरून खोटा फुगा करू शकते; आणि प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या काळात उपदंश हे मोठे कारण होते. लहान मुलात घसा सुजून ताप येतो, पाठोपाठ मानेत किंवा टॉन्सिलच्या जागी फुगवटा येतो, आणि तो पू झाल्याचे समजून चिरला जातो, हा धोका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी विशेष ध्यानात ठेवावा. चीर देण्यापूर्वी तोंडात बोट घालून ठोका लागतो का ते पाहावे आणि शंका आली तर आधी चित्रण करून घ्यावे.

उरलेली कारणे रुग्णाच्या शरीरावरच वाचता येतात. वारंवार येणारे तोंडातले व जननेंद्रियावरचे व्रण बेचेट आजाराकडे बोट दाखवतात. तरुण स्त्रीच्या एका हाताची नाडी लागत नसेल किंवा दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठा फरक असेल तर ताकायासू आजाराचा विचार करावा. उंच शरीर आणि लांब बोटे मारफान या ऊतींच्या जन्मजात आजाराची, तर पातळ, आतल्या शिरा दाखवणारी आणि जरा धक्का लागला की काळीनिळी पडणारी त्वचा एहलर्स-डॅन्लॉसच्या रक्तवाहिन्यांच्या प्रकाराची खूण असते. मध्यमवयीन स्त्रीला उच्च रक्तदाब असून मूत्रपिंडाच्या धमन्याही मण्यांच्या माळेसारख्या दिसत असतील तर तो फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेशिया, म्हणजे धमनीच्या भिंतीच्या वाढीतला दोष, असतो. यांपैकी काहीच नसेल, रुग्ण वयस्कर असेल, तंबाखू आणि रक्तदाब यांचा जुना इतिहास असेल, तर भिंतीच्या झिजेमुळे, म्हणजे ॲथेरोस्क्लेरोसिसच्या वाटेने झालेला खरा विस्फार संभवतो.

हाताने तपासणी

या आजारात हाताची तपासणी यंत्राच्या आधी येते आणि तिला दोन मिनिटेही लागत नाहीत. रुग्णाला बसवून, मान किंचित त्याच बाजूला वळवून स्नायू सैल पडू द्यावेत. मग दोन बोटे गाठीच्या दोन्ही बाजूंना हलकी टेकवून थांबावे. धमनीवर नुसती बसलेली ग्रंथी दर ठोक्याला दोन्ही बोटांना एकाच दिशेने उचलते; धमनीचा फुगा दोन्ही बोटे एकमेकांपासून दूर सारतो. या फाकण्याला प्रसरणशील स्पंदन म्हणतात. ते एकदा बोटांना कळले की विसरत नाही, म्हणून निवासी डॉक्टरांनी संधी मिळेल तेव्हा ते स्वतः अनुभवावे. त्यानंतर गाठीवर स्टेथोस्कोप ठेवून घरघर ऐकू येते का पाहावे. ठोका नाही म्हणून धमनीचा फुगा नाकारू नये, कारण आत गुठळी साचून तो भरला असेल तर तो मुका आणि टणक लागतो. गाठीच्या खाली कॅरोटिड दाबून गाठ लहान होते का हे पाहण्याची जुनी चाचणी मुळीच करू नये. त्या दाबाने आतली गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते किंवा नाडी एकदम मंदावू शकते.

यानंतर मज्जातंतू तपासावेत, कारण मोठा फुगा शेजारून जाणाऱ्या मज्जातंतूंना दाबतो. जीभ बाहेर काढायला सांगावी. ती एका बाजूला वळत असेल तर त्याच बाजूचा जिभेचा मज्जातंतू दुखावलेला आहे. आवाज घोगरा झाला आहे का, पाणी पिताना ठसका लागतो का, ‘आ’ म्हणताना टाळू सारखी उचलली जाते का, एका डोळ्याची पापणी उतरून बाहुली लहान झाली आहे का, हे पाहून नोंद करावी. शस्त्रक्रियेपूर्वी केलेली ही नोंद पुढे फार उपयोगी पडते, कारण आवाज बसणे फुग्यामुळे होते की शस्त्रक्रियेमुळे झाले हे नंतर केवळ आठवणीवर ठरवता येत नाही. घोगरा आवाज असल्यास स्वरयंत्राची दुर्बिणीतून तपासणी करून ठेवावी. दोन्ही बाजूंचे स्वरतंतू निकामी होण्याचा धोका पत्करून दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया कोणी करू नये.

मेंदूची लक्षणे मात्र रुग्ण आपण होऊन सांगत नाही, ती विचारावी लागतात. काही मिनिटे एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे झाले का, एका हाताची ताकद जाऊन परत आली का, बोलताना शब्द सापडेनासे झाले का? या विस्फारात फुटण्यापेक्षा आतल्या गुठळीचे कण मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याची भीती अधिक असते, आणि अशी क्षणिक लक्षणे ही त्याची पूर्वसूचना असते.

गैरसमज होण्याच्या जागा तीनच, पण त्या पुन्हा पुन्हा समोर येतात. वयस्कर, उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीच्या मानेत उजव्या बाजूला, अगदी गळ्याच्या हाडाजवळ (कॉलरबोनजवळ) ठोके देणारी गाठ असेल तर ती बहुधा लांब होऊन वळलेली धमनीच असते. डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून धीर देणे एवढाच तिचा उपचार. कॅरोटिड बॉडी ट्यूमर, म्हणजे धमनीच्या दुभाग्यातील छोट्या पिंडाची गाठ, दुभागण्याच्या जागी बसतो, आडवा हलतो पण वर-खाली हलत नाही, आणि चित्रात दोन्ही फांद्यांना फाकवून त्यांच्यामध्ये वाढलेला दिसतो. त्यातही सुई घालू नये. तिसरी जागा धमनीला चिकटलेल्या क्षयाच्या ग्रंथीची. तेथे बोटांचे फाकणे नसते, आणि तरीही संशय उरला तर सुईआधी सोनोग्राफीचा प्रोब ठेवावा. आज तालुक्याच्या गावीही सोनोग्राफी होते. मानेच्या बाजूला असलेल्या, धमनीशेजारच्या कोणत्याही गाठीवर सुईपूर्वी रंगीत डॉपलर करून घेण्याचा नियम प्रत्येक दवाखान्याने करावा, असा माझा आग्रह आहे.

चित्रण आणि रक्ततपासण्या

डॉपलर सोनोग्राफीने गाठ धमनीची आहे की नाही, तिची रुंदी किती, आत गुठळी आहे का आणि प्रवाह कसा आहे हे कळते. खोट्या फुग्यात रक्त आत-बाहेर घुसळत असल्याने लाल आणि निळा रंग शेजारी-शेजारी फिरताना दिसतो. पण जबड्याच्या वर, कवटीच्या तळाकडे सोनोग्राफी पोहोचत नाही, आणि शस्त्रक्रिया शक्य आहे की नाही हे तर तेथेच ठरते. म्हणून पुढची पायरी सीटी अँजिओग्राफीची, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या धमन्यांच्या सीटी चित्रणाची. ती मागवताना ‘मानेची’ एवढेच न लिहिता महाधमनीच्या कमानीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत असे स्पष्ट लिहावे. त्यामुळे फुग्याच्या वरची निरोगी धमनी किती शिल्लक आहे, मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना जोडणारे विलिसचे वर्तुळ पूर्ण आहे का, आणि दुसऱ्या बाजूची कॅरोटिड कशी आहे, हे तिन्ही एकाच तपासणीत मिळते.

डिसेक्शनचा संशय असेल तर एमआरआय अधिक बोलका ठरतो. चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या टी१ चित्रात भिंतीतले रक्त चंद्रकोरीसारखे पांढरे दिसते. मेंदूचा डिफ्युजन एमआरआय मी लक्षणे नसलेल्या रुग्णातही करून घेतो. रुग्णाला न कळता झालेले लहान घाव त्यात सापडले, तर ‘लक्षणे नाहीत’ हे विधान मागे घ्यावे लागते आणि वाट पाहण्याचा निर्णय बदलतो. कॅथेटर घालून केलेली अँजिओग्राफी केवळ निदानासाठी आता सहसा लागत नाही; स्टेंट, म्हणजे धमनीत बसवायची जाळीची नळी, टाकायचा असेल किंवा धमनी बंद करून पाहायची असेल तरच ती करावी. एहलर्स-डॅन्लॉसचा संशय असल्यास ती शक्यतो टाळावी, कारण कॅथेटरच्या वाटेवरच धमनी फाटू शकते.

रक्तात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, दाह दाखवणारे ईएसआर व सीआरपी, साखर, क्रिएटिनिन, एचआयव्ही आणि उपदंशाची तपासणी करावी. ताप असेल तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर घ्यावे आणि हृदयाच्या झडपांसाठी इको करावा. खरा, झिजेचा विस्फार असेल तर पोटाची सोनोग्राफी करून महाधमनीही पाहून घ्यावी.

फुगा कोठे आहे हे सांगण्यासाठी २००९ साली जर्मन शल्यचिकित्सकांनी मांडलेली पाच प्रकारांची वर्गवारी उपयोगी पडते. बल्बच्या वरचा आखूड फुगा हा पहिला प्रकार, बल्बपासून वर लांबवर गेलेला दुसरा, दुभागण्याची जागा आणि आतल्या कॅरोटिडची सुरुवात व्यापणारा तिसरा, सामाईक आणि आतली अशा दोन्ही धमन्यांत पसरलेला चौथा आणि फक्त सामाईक कॅरोटिडचा पाचवा. व्यवहारात त्याहूनही उपयोगी अशी एक कल्पित रेषा आहे: कानामागच्या हाडाच्या टोकापासून जबड्याच्या कोनापर्यंत. फुगा या रेषेच्या खाली संपत असेल तर उघडी शस्त्रक्रिया सहसा शक्य असते. रेषेच्या वर गेला की प्रत्येक मिलिमीटर अवघड होत जातो.

उपचार कसा ठरवावा

दोन रुग्णांची कल्पना करू. पहिल्या ६२ वर्षांच्या बाई आहेत. उजव्या जबड्याखाली ठोके देणारी गाठ आहे आणि महिन्यापूर्वी दहा मिनिटे डाव्या हातातली ताकद गेली होती. सीटीत बल्बच्या जरा वर २.५ सें.मी.चा खरा विस्फार दिसतो, आत गुठळी आहे, आणि वरची धमनी लांब, वळणदार पण निरोगी आहे. दुसरा रुग्ण ३५ वर्षांचा तरुण आहे. दोन महिन्यांपूर्वी अचानक मान दुखली होती, आता काही त्रास नाही, आणि कवटीच्या तळाशी ८ मि.मी.चा डिसेक्शनमुळे झालेला खोटा फुगा सापडला आहे. ‘खोटा’ हा शब्द ऐकून दुसऱ्याची घाई करण्याचा मोह होतो, पण शस्त्रक्रिया पहिल्या बाईंना हवी आहे. डिसेक्शननंतरचे असे फुगे बहुधा आहेत तसे राहतात किंवा आक्रसतात, आणि फुटणे अगदी विरळ असते. त्या तरुणाला ॲस्पिरिन आणि ठरलेल्या अंतराने चित्रण एवढे पुरे असते.

डिसेक्शनमध्ये रक्त पातळ करणारे वॉरफॅरिनसारखे औषध द्यावे की ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारखे, यावर वर्षानुवर्षे वाद होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कॅडिस या चाचणीत २५० रुग्णांमध्ये दोन्ही मार्गांत पक्षाघाताचे प्रमाण कमीच राहिले आणि त्यांच्यात ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे रुग्णाला नियमित रक्ततपासणीसाठी जवळ सोय आहे का, हा साधा विचारही निवडीत धरता येतो. औषध किमान ३ ते ६ महिने चालते. लक्षणे परत आली किंवा फुगा वाढत गेला तरच हस्तक्षेपाचा विचार करावा.

याउलट ज्या फुग्यामुळे मेंदूची किंवा मज्जातंतूंची लक्षणे दिसतात, जो वाढतो आहे, ज्यात संसर्ग आहे, जो मार लागून किंवा आधीच्या शस्त्रक्रियेच्या टाक्यांजवळ झाला आहे, किंवा जो चांगला मोठा आणि गुठळीने भरलेला आहे, तो दुरुस्त करावा. लहान, स्थिर आणि लक्षणे नसलेल्या खऱ्या विस्फारात ॲस्पिरिन ७५ ते १५० मि.ग्रॅ., स्टॅटिन, रक्तदाबावर नियंत्रण आणि तंबाखू पूर्ण बंद करून नजर ठेवता येते. मिश्री लावणाऱ्या आजीबाई ‘मी तंबाखू खात नाही’ असे मनापासून सांगतात, म्हणून मिश्रीचे नाव घेऊन विचारावे.

उघड्या शस्त्रक्रियेचा इतिहास लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये सुरू होतो. ॲस्टली कूपर यांनी १८०५ साली फुग्यासाठी सामाईक कॅरोटिड बांधली, तो रुग्ण दगावला. १८०८ साली त्यांनी तेच पुन्हा केले आणि तो रुग्ण १३ वर्षे जगला. पुढे शतकभराहून अधिक काळ धमनी बांधणे हाच उपचार होता आणि त्याची किंमत अनेकांनी पक्षाघाताने मोजली. आज धमनी बांधणे हा अखेरचा मार्ग आहे: रक्तस्राव आवरत नसेल किंवा संसर्गाने काहीच शिवता येत नसेल तरच तो स्वीकारावा. वेळ असेल तर आधी जागृत रुग्णात फुगवणाऱ्या कॅथेटरने धमनी २० ते ३० मिनिटे बंद ठेवून मेंदू ते सहन करतो का हे पाहावे. सहन होत नसेल तर कवटीतील धमनीला बाहेरून रक्त पोहोचवणाऱ्या बायपासची तयारी ठेवावी.

फुगा काढून प्रवाह पुन्हा जोडणे हे आजच्या शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट असते. पहिल्या बाईंसारखी वरची धमनी लांब आणि वळणदार असेल तर फुगा कापून दोन निरोगी टोके थेट शिवता येतात. मला ही सर्वांत समाधानकारक दुरुस्ती वाटते, कारण तिच्यात परके काहीच मागे राहत नाही. टोके पोहोचत नसतील तर मांडीतील लांब शीर काढून मध्ये जोडावी, किंवा संसर्ग नसल्यास कृत्रिम नळी वापरावी; कधी बाहेरची कॅरोटिड वळवून आतल्या कॅरोटिडच्या वरच्या टोकाला जोडता येते. क्लॅम्प (धमनी बंद करणारा चिमटा) लावण्यापूर्वी शरीराच्या दर किलो वजनामागे ७० ते १०० युनिट हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, द्यावे. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की वरची निरोगी धमनी बंद होईपर्यंत फुग्याला हात लावू नये, तो ओढू किंवा दाबू नये, कारण गुठळी सुटण्याचा क्षण तोच असतो. धमनी बंद असताना मेंदूला रक्त पुरते आहे का, हे ईईजी, मेंदूच्या ऑक्सिजनचे मापन किंवा वरच्या टोकातील दाब यांवरून पाहावे आणि पुरत नसेल तर शंट, म्हणजे बंद भागाला वळसा घालून रक्त नेणारी तात्पुरती नळी, घालावा. शेवटचे टाके आवळण्यापूर्वी दोन्ही टोकांतून रक्त वाहू देऊन हवा आणि गुठळ्या बाहेर काढाव्यात, आणि प्रवाह आधी बाहेरच्या कॅरोटिडकडे सोडावा, म्हणजे राहिलेला एखादा कण मेंदूऐवजी चेहऱ्याकडे जाईल.

फुगा उंच असेल तर भूलतज्ज्ञांशी आदल्या दिवशीच बोलावे. नळी तोंडाऐवजी नाकातून घातली तर तोंड मिटलेले राहते आणि जबड्यामागची जागा मोकळी होते. डायगॅस्ट्रिक स्नायू कापून किंवा जबडा थोडा पुढे सरकवून आणखी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मिळतो. या उंचीवर जीभ, घसा आणि आवाज यांच्या मज्जातंतूंना इजा होण्याचे प्रमाण वाढते. पुष्कळशी इजा ताणामुळे होते आणि काही महिन्यांत भरून येते, तरी रुग्णाला ती शक्यता संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी साध्या शब्दांत सांगावी.

मांडीतून आत जाऊन टाकलेला स्टेंट अशा उंच फुग्यात, किरणोपचार झालेल्या किंवा आधी शस्त्रक्रिया झालेल्या मानेत, आणि मोठ्या शस्त्रक्रियेला न झेपणाऱ्या रुग्णात अधिक योग्य ठरतो. कापडाचे आवरण असलेला स्टेंट फुग्याचे तोंड थेट बंद करतो. साध्या स्टेंटच्या जाळीतून फुग्यात कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, भरता येतात. आणि दाट जाळीचे प्रवाह वळवणारे स्टेंट हळूहळू फुगा गोठवतात. त्याआधी ५ ते ७ दिवस ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्रत्येकी ७५ मि.ग्रॅ. सुरू असावे. नंतर दोन्ही औषधे किमान ४ आठवडे आणि आवरणाच्या किंवा प्रवाह वळवणाऱ्या स्टेंटनंतर सहसा त्याहून बरेच अधिक काळ द्यावी लागतात, आणि ॲस्पिरिन कायम. रुग्ण ती स्वतःच्या मनाने बंद करणार नाही याची खात्री नसेल तर स्टेंट टाकण्यापूर्वी दोनदा विचार करावा. मोठ्या फुग्याचा दाब मज्जातंतूंवर असेल तर स्टेंटने तो लगेच कमी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

संसर्गाच्या फुग्यात क्रम वेगळा असतो. कल्चर घेऊन प्रतिजैविक शिरेतून सुरू करावे, कुजलेला भाग काढावा, जोडणीसाठी रुग्णाची स्वतःची शीर वापरावी आणि औषध साधारण ४ ते ६ आठवडे चालवावे. क्षय असेल तर त्याचा संपूर्ण कोर्स. जोराचा रक्तस्राव थांबवण्यासाठी टाकलेला स्टेंट येथे जीव वाचवतो, परंतु संसर्गात राहिलेली परकी वस्तू पुढे त्रास देते, म्हणून तो बहुधा तात्पुरता पूल समजावा. ताकायासू आणि बेचेट या रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आजारांत आधी औषधांनी दाह शांत करावा. भिंत पेटलेली असताना घातलेले टाके सुटतात आणि त्याच जागी नवा फुगा येतो.

फुटण्याच्या प्रसंगाबद्दल थोडेच सांगतो. मान अचानक सुजून श्वास अडू लागला, किंवा तोंडातून वा कानातून ताजे रक्त येऊ लागले, तर आधी श्वासमार्ग सुरक्षित करावा, रक्तस्रावाची जागा हाताने दाबून धरावी, आणि १०८ वर फोन करून रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयाला आधीच कळवावे. जखमेत डोळे झाकून क्लॅम्प लावू नये. पक्षाघाताची लक्षणे दिसली तर रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला ती वेळ लिहून घ्यावी, कारण गुठळी विरघळवण्याच्या औषधाची ४.५ तासांची मर्यादा त्या वेळेपासून मोजतात.

नंतरची काळजी

पहिले २४ तास रक्तदाब, मानेतली सूज आणि हातापायांची हालचाल दर तासाला पाहावी. मान फुगत जाऊन श्वास लागला तर शस्त्रक्रियागृहाची वाट न पाहता पलंगावरच टाके उघडून साचलेले रक्त मोकळे करावे. रात्रपाळीच्या परिचारिकेला आणि निवासी डॉक्टरांना हे आधी सांगून ठेवावे. पहिल्या दिवशी गिळताना ठसका लागत असेल तर पातळ पदार्थ न देता, गिळण्याची तपासणी झाल्यावरच खाणे सुरू करावे. तीव्र डोकेदुखी, एका बाजूची, रक्तदाब चढलेला आणि मग झटके, अशी मालिका दिसली तर मेंदूत रक्ताचा ओघ एकदम वाढल्याचे समजून रक्तदाब तातडीने खाली आणावा.

घरी सोडताना डॉपलरच्या तारखा कागदावर लिहून द्याव्यात: १ महिना, ६ महिने, १ वर्ष आणि पुढे दरवर्षी. कवटीच्या तळाजवळची दुरुस्ती सोनोग्राफीत दिसत नसल्याने तेथे सीटी किंवा एमआरआय अँजिओग्राफी लागते. शस्त्रक्रिया न केलेल्या फुग्यालाही हाच शिरस्ता लावावा आणि प्रत्येक वेळी त्याच पातळीवरचा व्यास मोजून मागच्या आकड्याशेजारी लिहावा. उपचार सरकारी योजनेत बसतो का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वीच करावी. मारफान किंवा एहलर्स-डॅन्लॉस निश्चित झाले असेल तर रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांनाही तपासणीसाठी बोलवावे, आणि दुसऱ्या बाजूची कॅरोटिड प्रत्येक भेटीत पाहावी.